खडबडीत भिंतीसाठी १८ मिमी लवेचा रोलर : वापरून पाहिला, आवडला

टेक्स्चरच्या भिंती रंगवताना घरभर शिंतोडे उडतात, त्याला रंगापेक्षा रोलर जास्त जबाबदार असतो. साध्या, ८-१० मिमी लवेच्या (म्हणजे तेवढ्या लांब मऊ धाग्यांच्या) रोलरचा रंग खाचांपर्यंत पोहोचतच नाही. मग आपण जोर लावतो, रोलर दाबला जातो आणि दोन्ही टोकांकडून रंग पिळून बाहेर येतो. भिंतीवर जाड रेघा, खाली फरशीवर थेंब.

आमच्या बैठकीच्या भिंतींना चांगलंच खरखरीत टेक्स्चर आहे. त्यांच्यासाठी १८ मिमी लवेचा मायक्रोफायबर रोलर घेतला आणि पाण्यात मिसळणारं इमल्शन त्याच्यानेच लावलं. फरक पहिल्याच पट्ट्यात कळला. रोलर सावकाश वर नेला की आधी उंचवटे रंगतात, खाचांमध्ये जुन्या रंगाचे बारीक ठिपके दिसत राहतात. तोच रोलर पुन्हा न बुडवता, न दाबता खाली आणला की ते ठिपके बुजतात. लव आपसूक आत शिरते. घाई मात्र करायची नाही. भरभर फिरवला तर हाही रोलर तुषार उडवतोच.

ही लव रंग पिते भरपूर. शिवाय खडबडीत भिंतीचं क्षेत्रफळ दिसतं त्याहून जास्त असतं, म्हणून सपाट भिंतीच्या हिशेबाने रंग आणला तर हमखास कमी पडतो. पसरट ट्रेऐवजी बादली आणि तिच्यात उभी अडकवायची जाळी घ्या. रोलर जाळीवर तीन-चारदा फिरवला की जादा रंग बादलीतच गळतो, आणि पाय लागून ट्रे उपडा होण्याची भीतीही उरत नाही. लांब दांडा लावला तर शिडीवर चढ-उतर टळते.

नव्या रोलरची लव थोडी सुटते आणि ओल्या रंगात चिकटली की टेक्स्चरमधून निघता निघत नाही. वापरण्याआधी त्याच्यावर मास्किंग टेप (सहज निघणारी कागदी चिकटपट्टी) गुंडाळून ओढून काढा, सुटे धागे टेपबरोबर येतात.

कडांचं काम रोलरचं नव्हे, तिथे ब्रशच हवा. रेघ सरळ यावी म्हणून कडेला मास्किंग टेप लावतात, पण खडबडीत भिंतीवर ती पूर्ण बसत नाही, खालच्या फटींतून नवा रंग पलीकडे झिरपतो. यावर माझा सगळ्यात लाडका उपाय म्हणजे टेप दाबून बसवल्यावर तिच्या कडेवर आधी पलीकडच्या भिंतीचाच रंग फिरवायचा. फटी त्याच रंगाने भरतात, तो वाळला की वरून नवा रंग द्यायचा आणि ओला असतानाच टेप तिरकी ओढायची. रेघ सरळ येते, अगदी बघत राहावी अशी!

जमिनीवर प्लॅस्टिकपेक्षा जाड कापड बरं. प्लॅस्टिकवर पडलेला थेंब ओलाच राहतो आणि पायाला लागून सगळीकडे जातो.

तक्रारी दोन. रंगाने भरलेला हा रोलर जड होतो, मनगट भरून येतं. आणि धुणं हे मोठंच काम आहे: आधी पट्टीने रंग खरवडून बादलीत परत घ्या, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उभा ठेवून वाळवा. सपाट भिंतीसाठी हा घेऊ नका, संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. हलकं टेक्स्चर असेल तर १२ मिमी पुरे.