गोठ्यातला जुना लोडर बदलताना: पुन्हा स्किड स्टिअर, की ट्रॅक्टर-लोडर?

दर महिन्याला एखादा होज फुटतोय, पिन-बुश ढिले झालेत, आणि तेल तापलं की भरल्या बकेटनिशी मशीन उकिरड्याचा रॅम्प चढत नाही. जुनी स्किड स्टिअर (पुढे बकेट असलेली, जागच्या जागी वळणारी छोटी लोडर मशीन) या अवस्थेला आली की तिच्यात नवा हायड्रॉलिक पंप घालण्यापेक्षा ती बदललेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न उरतो तो तिच्या जागी काय आणायचं याचा. बहुतेक जण लगेच कंपन्यांची नावं विचारायला लागतात. पण त्याआधी दोन गोष्टींचा निकाल लागायला हवा. तुमच्या गोठ्यात मशीन वळणार कुठे? आणि ती बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे मिस्त्री पोचणार का? शेण काढणं एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. गाई त्यातच बसतात, मग खूर आणि कास दोन्हींची दुखणी मागे लागतात.

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर, काटोल, हिंगणा, उमरेड या भागातल्या ४० ते ८० जनावरांच्या डेअऱ्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

आधी वजनाचा हिशेब

मोठी संकरित गाय दिवसाला साधारण २० ते २५ किलो शेण टाकते. ६० गाईंचं झालं सव्वा ते दीड टन. उष्टी वैरण, कुटार आणि धुण्याचं पाणी वेगळं. छोट्या स्किड स्टिअरची बकेट साधारण ०.४ घनमीटरची असते आणि ओलं शेण जवळपास पाण्याइतकं जड, म्हणजे भरलेली बकेट ३५० ते ४०० किलोची. दिवसाचं शेण चार-पाच बकेटांत उचलून होतं! मशीनचा वेळ जातो तो खरडण्यात, मागे येण्यात आणि वळण्यात. त्यामुळे नुसतं शेणासाठी ९०० किलो उचलणारी मशीन घेणं म्हणजे जास्तीचं वजन, जास्तीचं डिझेल आणि अरुंद गल्लीत जास्तीची अडचण.

जड काम असतं ते खाद्याचं. सरकी ढेपेची ५० किलोची २० पोती पॅलेटवर रचली की एक टन झाला, आणि ते ६०० किलो उचलणाऱ्या मशीनचं काम नाही. मुरघासाची मोठी गोल गाठ ४०० ते ५०० किलोपर्यंत जाते. फोर्कवर किंवा गाठीत खुपसायच्या भाल्यावर ती बकेटपेक्षा पुढे लटकते, त्यामुळे मशीनची ताकद कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी पडते. माहितीपत्रकात चाकांच्या स्किड स्टिअरची जी वहनक्षमता छापतात, ती मशीन ज्या वजनाला पुढे कलंडते त्याच्या निम्मी धरलेली असते. हे निम्मं अंतर सुरक्षेसाठी ठेवलेलं आहे. ‘अजून थोडं घेते की’ असं म्हणत ते रोज खाऊ नका. ढेप (टनाचं पॅलेट एकदम नाही, दोन खेपांत) आणि गाठी रोज हलवायच्या असतील तर ७०० किलोच्या वर्गाकडे जा. शेण, कुटार आणि सुटा मुरघास एवढंच असेल तर ६०० किलो पुरे.

उंचीही मोजून घ्या. तुमच्या ट्रॉलीच्या फाळक्याची किंवा टीएमआर मिक्सरच्या (वैरण आणि खुराक एकत्र मिसळणाऱ्या यंत्राच्या) काठाची उंची टेपने मोजून कागदावर लिहा. डीलरला बकेटच्या पिनची उंची विचारू नका, बकेट पूर्ण उलटी केल्यावर तिची धार जमिनीपासून किती वर राहते ते विचारा. या दोन आकड्यांत बराच फरक असतो आणि बोलताना मोठा आकडाच सांगितला जातो. मिक्सर उंच असेल तर सरळ उभी उचल देणाऱ्या बूमची (बकेट उचलणाऱ्या दांड्याची) मशीन बघा. नुसतं खरडून खड्ड्यात किंवा बुटक्या ट्रॉलीत टाकायचं असेल तर कमानीत उचलणारी साधी बूम स्वस्त पडते आणि तिला पिनाही कमी असतात.

स्किड स्टिअरच घ्यायची तर

ही मशीन जन्मली तीच जनावरांच्या गोठ्यासाठी. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची कोठारं साफ करायला तिचा पहिला अवतार बनवला. खांबांच्या मधून फिरणारी, जागच्या जागी वळणारी मशीन त्यांना हवी होती. पुढे त्यातूनच बॉबकॅट उभी राहिली. आजही तिचा खरा गुण तोच आहे. डावी-उजवी चाकं वेगवेगळी फिरतात, म्हणून साधारण चार मीटरच्या वर्तुळात ती बकेटसकट पूर्ण वळते.

६०० किलोच्या वर्गात बॉबकॅट एस-४५० ची वहनक्षमता ६०८ किलो, जेसीबी रोबोट १३५ ची साधारण ६१२ आणि केस एसआर-१३० ची ५९०. एवढ्या फरकावरून निवड करण्यात अर्थ नाही. फरक आहे तो चढण्या-उतरण्याचा, आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

बॉबकॅट आणि केसमध्ये ऑपरेटर समोरून, बकेटवर पाय देऊन, दोन बूमच्या मधून आत शिरतो. गोठ्यात ती बकेट कायम शेणाने माखलेली. पाय घसरतो. त्याहून वाईट म्हणजे बूम वर असताना कोणी घाईत बाहेर वाकला आणि बूम खाली आला, तर माणूस बूम आणि चेसिसच्या मध्ये सापडतो. स्किड स्टिअरवरचे बरेच जीवघेणे अपघात असेच होतात. म्हणून सीट बार (ऑपरेटरच्या पुढ्यातला आडवा दांडा) वर केला की हायड्रॉलिक बंद पडणारं इंटरलॉक सगळ्यांत असतं. जुन्या मशीनमध्ये कोणी तार जोडून ते बायपास केलं असेल, तर नव्या मशीनवर ती सवय पहिल्याच दिवशी बंद करा. जेसीबीत बूम एकच, उजव्या बाजूला, आणि दरवाजा डावीकडे. ऑपरेटर बकेटला हात न लावता बाजूने चढतो. गाय आडवी आली, फाटक उघडायचं आहे, म्हणून दिवसात तो कित्येकदा उतरतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी गोठ्याला बाजूच्या दरवाजाची मशीन पसंत करतो. एकच बूम पिळून जाईल का, ही शंका बरेच जण काढतात. तो बूम मुळातच जाडजूड बनवलेला असतो आणि शेण-मुरघासाच्या वजनाला त्याची चिंता करायचं कारण नाही. मात्र उजव्या हाताची नजर थोडी अडते. त्या बाजूला वासरं बांधत असाल तर डेमोच्या वेळी तिकडून एक फेरी मारूनच ठरवा.

बॉबकॅटच्या बाजूने बोलायचं तर जोड-अवजारांची परंपरा मोठी आहे आणि या मशीनची माहिती असलेला मिस्त्री सापडणं तुलनेने सोपं. तुमच्याकडे जुनी बकेट, फोर्क, खरडणी असेल तर नव्या मशीनच्या क्विक-अटॅचवर (अवजार चटकन जोडायच्या पट्टीवर) ती बसते का, हे प्रत्यक्ष लावून बघा. बहुतेक कंपन्यांची जोडपट्टी आता आंतरराष्ट्रीय मापाची असते, पण झिजलेल्या जुन्या बकेटचं मात्र खात्रीने सांगता येत नाही.

तुमचा ऑपरेटर दोन लिव्हर आणि पायाच्या पेडलवर वाढलेला असेल आणि नवीन मशीन जॉयस्टिकची असेल, तर डेमोला त्यालाच बसवा. मशीन रोज तोच चालवणार आहे. गाईंच्या गर्दीत हात चुकला तर ते महागात पडतं.

ट्रॅक्टर-लोडर: नागपूरकरांसाठी तगडा पर्याय

हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. ट्रॅक्टरचा मिस्त्री आणि सुटे भाग काटोलपासून उमरेडपर्यंत मिळतात. ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवला, तर सगळं मिळून खर्च नव्या स्किड स्टिअरपेक्षा बराच कमी येतो. शिवाय तोच ट्रॅक्टर कडबा कुट्टी फिरवतो, ट्रॉली ओढतो, मक्याच्या वावरात जातो. स्किड स्टिअर गोठ्याबाहेर यातलं काहीच करत नाही.

कराचाही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवर जीएसटी ५ टक्के झाला. स्किड स्टिअर बांधकाम यंत्रात मोडते, तिच्यावर १८ टक्के. ठेकेदाराला तो कर परत मिळतो. पण ताज्या दुधावर जीएसटीच नाही, त्यामुळे नुसतं दूध विकणाऱ्या डेअरीला तो परतावा मिळत नाही. तुम्ही तूप करून विकत असाल तर हिशेब बदलतो, तो सीएकडून करून घ्या. कोटेशनची तुलना करताना कर धरूनच आकडे मांडा.

आता दुसरी बाजू. लोडर लावलेला ट्रॅक्टर पाच मीटरच्या आसपास लांब होतो आणि वळायला त्याला मोकळं अंगण लागतं. दोन्ही टोकं उघडी असलेल्या, सरळ आरपार गल्लीच्या गोठ्यात तो मजेत चालतो. एका बाजूला भिंत असलेल्या गल्लीत प्रत्येक खेप रिव्हर्समध्ये बाहेर काढावी लागते. पुढे-मागे करून क्लच लवकर जातो, पुढच्या अॅक्सलवर ताण येतो. मागे वजन लावलं नाही तर मागची चाकं हलकी होऊन घसरतात. जुना गोठा स्किड स्टिअरच्या मापाने बांधलेला असेल, तर ट्रॅक्टरवर वाचवलेले पैसे भिंत पाडण्यात जातील.

म्हणून खरेदीआधी गोठ्यात चुन्याने रेघा मारा. शेजाऱ्याचा लोडरवाला ट्रॅक्टर एका सकाळपुरता मागा आणि रोजचं काम त्याने करून बघा. गल्ली साफ व्हायला किती वेळ लागला आणि गाई किती बिचकल्या, हे समोर दिसेल.

उन्हाळा आणि धुलाई

नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश. स्किड स्टिअरमध्ये इंजिन, पंप आणि कूलर सगळं मागच्या छोट्या डब्यात कोंबलेलं असतं. गोठ्यात कुटाराची बारीक काडी आणि वाळलेल्या शेणाची धूळ कूलरच्या जाळीत जाऊन बसते. वरून बघितलं तर जाळी साफ दिसते. मागचं दार उघडून आतून टॉर्च मारा, अर्ध्या जाळीतून उजेडच येत नाही. कूलरला हवा मारायची ती आतून बाहेर, बाहेरून मारली तर काडी आणखी रुतते. मशीनच्या पोटाखालच्या पत्र्यावरही ओलं शेण आणि कुटार साचतं, डिझेल-तेलाने भिजतं, वाळतं, आणि गरम सायलेन्सरशेजारी पेट घेऊ शकतं. म्हणून डेमोला आलेल्या माणसाला सांगा: पोटाचा पत्रा उघडून दाखव. किती बोल्ट आहेत, कॅब वर उचलायला किती वेळ लागतो, कूलर बाहेर झुकतो का. जे काम दहा मिनिटांत होतं तेच तुमच्याकडे दर आठवड्याला होईल. ट्रॅक्टर इथे सरस आहे, कारण त्याचा रेडिएटर आणि इंजिन उघड्यावर असतात.

व्हीलच्या बांधकाम यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही स्टेज ५ हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक लागू झालं. नव्या इंजिनमध्ये धुराचा फिल्टर असेल तर तो स्वतःला साफ करताना प्रचंड तापतो, आणि थोडं-थोडं हलकं काम करणाऱ्या मशीनमध्ये तो लवकर भरतो. गोठ्याचं काम नेमकं तसंच. ती साफसफाई कुठे उभं करून करायची आणि ऑपरेटरला कोणता दिवा दिसला की थांबायचं, हे आधीच विचारा. त्या वेळी मशीन कुटाराच्या ढिगाजवळ उभी नको.

उरलेले दोन पर्याय

कमरेतून वाकणारा छोटा लोडर, फिनलंडच्या अॅव्हान्टसारखा, गोठ्याला खरं तर फार सोयीचा. चाकं घासत नाहीत, म्हणून टायर टिकतात, रबर मॅट फाटत नाही, काँक्रीटच्या खाचा गुळगुळीत होत नाहीत आणि गाई घसरत नाहीत. पण वाकलेल्या अवस्थेत तो लवकर कलंडतो, आणि नागपुरात सर्व्हिसची लेखी हमी मिळाल्याशिवाय मी तो घ्यायला सांगणार नाही.

जुनी स्किड स्टिअर घ्यायची तर सकाळी, इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलेली मशीन बघायला गेलात तर निम्मी परीक्षा हुकली. थंड स्टार्ट बघा, मग तासभर भरल्या बकेटनिशी चालवा आणि तेल तापल्यावर चढावर न्या. रिकामी मशीन मागची बाजू वर ठेवून चढवायची, भरलेली पुढची बाजू वर ठेवून, कारण जड टोक नेहमी चढाकडे हवं. तापल्यावर ताकद गेली तर पंप किंवा ड्राइव्ह मोटर संपत आलीय. चेनकेसचं (चाकं फिरवणाऱ्या चेनच्या पेटीचं) तेल थोडं काढून बोटांत चोळा, लोखंडाचा कीस लागला तर सोडून द्या. अवर मीटरवर विश्वास ठेवण्याआधी पेडलचं रबर आणि सीट बघा. आरसी आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

६० जनावरांच्या, एका टोकाला बंद गोठ्याला मी बाजूच्या दरवाजाची, ६०० किलोची नवी स्किड स्टिअर घेईन. आरपार गल्ली आणि स्वतःची वैरणीची शेती असेल तर ट्रॅक्टर-लोडर. दोन्ही वेळा डीलरकडून चार गोष्टी लेटरहेडवर लिहून घ्या: तक्रार केल्यावर किती तासांत माणूस येईल, फिल्टर-होज-बेल्ट नागपूरच्या गोदामात आहेत का, वॉरंटी तासांवर आहे की महिन्यांवर, आणि दुरुस्ती लांबली तर बदली मशीन देणार का. चौथ्या ओळीवर सही मिळवताना सर्वात जास्त घासाघीस होईल. किमतीतले पाच-दहा हजार सोडावे लागले तरी चालेल, ती ओळ सोडू नका.