पंचसृष्टी स्लाइड-संच : छेद झकास, जिवाणू बिनकामाचे

प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत 25 परमनंट स्लाइड्सचा लाकडी डबा मिळतो, सोबत पंचसृष्टी वर्गीकरणाचा, म्हणजे सजीवांच्या पाच मोठ्या गटांचा तक्ता. आठवी-नववीसाठी घ्यायला हरकत नाही. फक्त आपल्याकडचा मायक्रोस्कोप किती पट मोठं दाखवतो, ते आधी बघा.

पेशी ते ऊती हा भाग पैसे वसूल करणारा. मका आणि सूर्यफूल यांच्या खोडांचे आडवे छेद पाठोपाठ लावा. मक्यात जलवाहिन्या-रसवाहिन्यांचे जुडगे सगळीकडे विखुरलेले, सूर्यफुलात गोल कड्यात. एकदल-द्विदल वेगळं शिकवावं लागत नाही. रक्ताच्या दोन स्लाइड्स तर छानच: माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, बेडकाच्या लंबगोल पेशीत ठळक दिसतं.

घोळ मोनेरात, म्हणजे जिवाणूंच्या सृष्टीत आहे. गोल, दंडाकार आणि सर्पिल जिवाणूंच्या तीन स्लाइड्स दिल्यात. बहुतेक जिवाणू एक-दोन मायक्रॉन जाडीलांबीचे. शाळेतल्या मायक्रोस्कोपला आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) 10 पट, ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) 40 पट, म्हणजे एकूण 400 पट. तेवढ्यात नुसते ठिपके दिसतात. आकार नीट ओळखायला तेल लावून वापरायची 100 ची ऑब्जेक्टिव्ह हवी. ती नसेल तर या तिन्ही डब्यातच पडून राहणार. त्यापेक्षा याच डब्यातला नॉस्टॉक हा नीलहरित जिवाणू बघा, मण्यांच्या माळेसारखा, 400 पटीला स्पष्ट. पण त्याच्यावर लेबल ‘शैवाल’ आणि जागा वनस्पतींच्या खणात! त्याच्या पेशीत केंद्रकाला पटल नाही, म्हणजे मोनेरा. पंचसृष्टी मांडणाऱ्या व्हिटाकर यांच्या 1969 च्या मांडणीतही तो तिथेच आहे. लेबल बदलूनच वर्गात न्या. यीस्ट मात्र एकपेशीय असूनही बरोबर कवकांत ठेवलंय.

तक्त्याच्या कोपऱ्यात जीवसृष्टीच्या उगमाची चौकट आहे, ती झाकून टाकलेली बरी. रसायनशास्त्रज्ञ मिलर यांच्या 1953 च्या प्रयोगात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ होती. इथे ऑक्सिजनही छापलाय. शिवाय खाली ‘प्रयोगशाळेत जीव तयार झाला’. तयार झाली होती अमिनो आम्लं.

दुकानातच कव्हर स्लिपच्या (नमुन्यावरच्या पातळ काचेच्या) कडेला नख लावून बघा. चिकट लागलं तर माउंट (काच चिकटवणारा पदार्थ) सुकलेलं नाही, काच सरकते. कडेला बुडबुडे असलेली स्लाइडही परत करा, ते आत सरकत जातात. 100 पटीला फोकस होतं पण 400 पटीला होतच नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा स्लाइड उलटी ठेवलेली असते: कव्हर स्लिप वरच हवी, नाहीतर ऑब्जेक्टिव्ह काचेला टेकते. पुसायला झायलीन हे द्रावक वापरू नका, माउंट विरघळतं. डबा उन्हात राहिला तर रंग उडतात.

बऱ्याच दुकानांत सुट्या स्लाइड्सही मिळतात. तीन जिवाणूंच्या बदल्यात पॅरामेशियम, हायड्रा आणि नेच्याचं (फर्नचं) प्रोथॅलस, म्हणजे त्याची बीजाणूपासून उगवणारी छोटी अवस्था, मागून बघा.