ज्येष्ठ बचावपटूची करारवाढ: रामोस, थिआगो सिल्व्हा आणि व्हॅन डाइक यांच्याबाबतचे तीन निर्णय

फुटबॉलमध्ये तिशी ओलांडलेल्या सेंटर-बॅकचा, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या बचावपटूचा, करार संपत आला की त्या क्लबच्या चाहत्यांमध्ये हमखास दोन तट पडतात. एका तटाला त्याचा अनुभव, हवेतल्या चेंडूवरची हुकमत आणि ड्रेसिंग रूममधला शब्द गमवायचा नसतो; दुसऱ्या तटाला भीती असते की पुढच्याच मोसमात त्याचे पाय साथ सोडतील आणि मोठा पगार घेणारा खेळाडू बाकावर बसून राहील. दोन्ही बाजूंची चिंता खरी आहे, परंतु दोघेही एकट्या खेळाडूकडे पाहून निकाल देतात. गेल्या काही वर्षांत तीन मोठ्या क्लबांनी हाच प्रश्न तीन वेगळ्या रीतींनी सोडवला. ते निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर करारवाढ आणि संघातले बदल हा एकच निर्णय आहे आणि त्याचे दोन तुकडे केले की क्लब अडचणीत येतो, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्या क्लबच्या ज्येष्ठ बचावपटूबद्दल मत बनवू पाहणाऱ्या चाहत्यासाठी ही तुलना आहे.

पहिला निर्णय रेआल माद्रिदचा, म्हणजे निरोप देण्याचा. सर्जिओ रामोस २००५ मध्ये सेव्हियातून माद्रिदला आला, १६ मोसमांत ६७१ सामने खेळला, बचावपटू असूनही त्याने १०१ गोल केले आणि चार वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, जिंकली. २०२१ च्या उन्हाळ्यात तो ३५ वर्षांचा होता. तिशी उलटलेल्या खेळाडूला एका वेळी एकच वर्ष वाढवून द्यायचे, हे क्लबचे धोरण होते आणि रामोसला दोन वर्षे हवी होती. अखेर तो एका वर्षावर तयार झाला, तेव्हा त्या प्रस्तावाची मुदत उलटून गेल्याचे त्याला सांगण्यात आले. १७ जून २०२१ च्या निरोप समारंभात ही हकीकत त्याने स्वतःच सांगितली. त्याच उन्हाळ्यात राफाएल वरानही मँचेस्टर युनायटेडला गेला. लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या संघातली जोडी एका झटक्यात मोडली, त्यामुळे माद्रिदच्या चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता.

मात्र त्या संतापात एक गोष्ट झाकली गेली. एडर मिलिताओला क्लबने २०१९ मध्येच सुमारे ५ कोटी युरो देऊन पोर्तोकडून आणले होते आणि दोन वर्षे तो बहुतेक बाकावर बसून शिकत होता. एप्रिल २०२१ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्यपूर्व फेरीत रामोस आणि वरान दोघेही उपलब्ध नव्हते, तेव्हा मिलिताओ आणि नाचो यांनी ती फेरी निभावून नेली होती. बायर्नशी करार संपलेला डेव्हिड अलाबाही हस्तांतर शुल्काशिवाय दाखल झाला. म्हणजे रामोसला जाऊ देण्याआधी त्याच्या जागेचे उत्तर क्लबच्या हातात होते आणि ते मोठ्या सामन्यांत तपासून झालेले होते. पुढच्या मोसमात माद्रिदने ला लीगा (स्पेनची अव्वल लीग) आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या. त्यावरून रामोसशिवाय बचाव अधिक भक्कम झाला असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण पॅरिसमध्ये झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक कुर्तुआला नऊ वेळा चेंडू अडवावा लागला होता आणि त्याआधीच्या फेऱ्यांत बेन्झेमाच्या गोलांनी संघाला अनेकदा काठावरून परत आणले होते. तरीही वैद्यकीय बाजूने पाहता क्लबचा अंदाज बरोबर ठरला: शेवटच्या मोसमात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला रामोस पॅरिस सेंट-जर्मेनकडून पहिला सामना खेळला तो थेट नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस.

दुसरा निर्णय चेल्सीचा आणि तो नेमका उलट्या दिशेचा आहे. थिआगो सिल्व्हाला पॅरिस सेंट-जर्मेनने ऑगस्ट २०२० मधील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यानंतर सोडले, कारण तो छत्तिशीला टेकला होता. चेल्सीने त्याला शुल्काविना एका वर्षासाठी घेतले आणि नंतर वर्षावर्षाने करार वाढवत नेला. तो २०२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत, तिथे राहिला. पहिल्याच मोसमात त्याने चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या थॉमस टुखेल यांनी तीन सेंटर-बॅकची रचना आणली आणि सिल्व्हाला तिच्या मधोमध उभे केले. दोन्ही बाजूंना वेगवान जोडीदार असल्यामुळे त्याला लांब पल्ल्याची धाव क्वचितच घ्यावी लागे, आणि चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखण्याची त्याची दृष्टी पूर्ण वापरली जाई. वय वाढलेल्या बचावपटूला वापरावे कसे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला अलीकडच्या फुटबॉलमध्ये दिसत नाही.

याच उदाहरणाची दुसरी बाजू चाहते सहसा विसरतात. २०२२ च्या उन्हाळ्यात अँटोनियो रुडिगर माद्रिदला आणि आंद्रेआस ख्रिस्टेन्सन बार्सिलोनाला गेला, दोघेही करार संपल्यामुळे शुल्काविना. मार्च २०२२ पासून ब्रिटिश सरकारने मालकावर लादलेल्या निर्बंधांमुळे क्लबला नवे करार करता येत नव्हते, हे खरे. परंतु ऐन उमेदीतल्या दोन बचावपटूंचे करार शेवटच्या काही महिन्यांपर्यंत लोंबकळत ठेवले गेले ते त्याच्याही आधीपासून. सिल्व्हाची मुदतवाढ मात्र जानेवारीतच झालेली होती. परिणाम असा की सर्वांत वयस्कर बचावपटू राहिला आणि त्याला सावरून घेणारे गेले. त्यांच्या जागी ३१ वर्षांचा कालिडू कुलिबाली आला, जो एकाच मोसमानंतर सौदी अरेबियात गेला, आणि मोठी रक्कम मोजून वेस्ली फोफाना आला, ज्याला गुडघ्याच्या दुखापतींनी दीर्घकाळ बाहेर बसवले. २०२२-२३ मध्ये चेल्सी प्रीमिअर लीगमध्ये बाराव्या स्थानावर राहिली आणि त्याच वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून चाहत्यांनी ३८ वर्षांच्या सिल्व्हालाच निवडले. हा सन्मान सिल्व्हासाठी जितका मोठा, तितकाच क्लबच्या संघबांधणीवरचा तो गंभीर ठपका होता, असे मी मानतो.

तिसरा निर्णय लिव्हरपूलचा असून त्यावर अजूनही वाद चालू आहे, म्हणून तिथे अधिक थांबणे आवश्यक आहे. व्हर्जिल व्हॅन डाइक जानेवारी २०१८ मध्ये साउदॅम्प्टनकडून ७.५ कोटी पौंडांना आला, तेव्हा तो जगातला सर्वांत महागडा बचावपटू होता. २०२४-२५ मध्ये त्याचा, मोहम्मद सलाहचा आणि ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डचा करार एकाच वेळी संपत होता. परदेशी क्लबशी करार संपण्याच्या सहा महिने आधी बोलणी करण्याची मुभा खेळाडूला असल्यामुळे जानेवारी २०२५ नंतरचा प्रत्येक आठवडा चाहत्यांसाठी कठीण गेला. अखेर एप्रिलमध्ये सलाह आणि व्हॅन डाइक यांनी २०२७ पर्यंतच्या करारांवर सह्या केल्या आणि अलेक्झांडर-आर्नोल्ड माद्रिदला गेला. त्या मोसमात व्हॅन डाइक लीगच्या ३८ पैकी ३७ सामन्यांत खेळला आणि चार सामने शिल्लक असतानाच संघाने विजेतेपद निश्चित केले. ३३ व्या वर्षी अशी सातत्याची खेळी करणाऱ्या कर्णधाराला दोन वर्षे देणे मला तेव्हाही योग्य वाटले आणि आजही वाटते.

चूक झाली ती त्यानंतर. तरुण सेंटर-बॅक जॅरेल क्वान्साला लेव्हरकुसेन या जर्मन क्लबने सुमारे ३ कोटी पौंडांना घेतले. क्वान्सा क्लबच्या अकादमीतून आलेला असल्यामुळे त्याच्यावर खरेदीची कोणतीही रक्कम चढलेली नव्हती आणि विक्रीचा सगळा पैसा हिशेबात निव्वळ नफा म्हणून दिसणार होता. त्या दृष्टीने व्यवहार समजण्यासारखा होता. त्याची जागा भरण्यासाठी इटलीतून १८ वर्षांचा जिओव्हानी लिओनी आला आणि अनुभवी पर्याय म्हणून क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार मार्क ग्वेही ठरला. १ सप्टेंबर २०२५ रोजी, ट्रान्सफर विंडोच्या (खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरलेल्या मुदतीच्या) शेवटच्या तासांत, पॅलेसला स्वतःचा पर्याय मिळाला नाही म्हणून तो व्यवहार मोडला. त्याच महिन्यात लिओनीच्या गुडघ्याचा लिगामेंट पहिल्याच सामन्यात फाटला. वर्त्झ, इसाक, एकितिके अशा आक्रमक खेळाडूंवर विक्रमी रक्कम खर्च केलेला संघ बचावफळीच्या मध्यभागी व्हॅन डाइक, कोनाटे आणि वारंवार जखमी होणारा जो गोमेझ एवढ्यांवर येऊन उभा राहिला. कोनाटेचा स्वतःचा करारही २०२६ मध्ये संपत होता. त्या शरद ऋतूत लिव्हरपूलने लीगमध्ये लागोपाठ चार सामने गमावले आणि नोव्हेंबरमध्ये अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-३ अशी हार पत्करली. जानेवारी २०२६ मध्ये ग्वेही मँचेस्टर सिटीकडे गेला.

त्या पराभवांनंतर अनेक चाहत्यांनी व्हॅन डाइकची करारवाढच चुकीची होती असे म्हणायला सुरुवात केली. मला हा आरोप मान्य नाही आणि त्याचे कारण याच क्लबच्या इतिहासात आहे. २०२० मध्येही लिव्हरपूल विजेता होता. त्या उन्हाळ्यात देयान लोव्रेन झेनितला विकला गेला आणि त्याच्या जागी एकही सेंटर-बॅक घेतला गेला नाही. १७ ऑक्टोबर २०२० रोजी गुडिसन पार्कवर व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. नंतर गोमेझ आणि मातिपही मोसमाला मुकले. फॅबिन्यो आणि हेंडरसन या मधल्या फळीच्या खेळाडूंना मागे उभे राहावे लागले. आणि घरच्या मैदानावर सलग सहा लीग सामने गमवावे लागले. तेव्हा व्हॅन डाइक २९ वर्षांचा होता. वयाचा तिथे काहीही संबंध नव्हता. विजेत्या संघातून एक सेंटर-बॅक विकायचा आणि त्याच्या जागी अनुभवी पर्याय न आणता मोसमात उतरायचे, ही एकच चूक पाच वर्षांच्या अंतराने दोनदा झाली.

आता तिन्ही निर्णय समोरासमोर ठेवू. कराराच्या लांबीत माद्रिद आणि चेल्सी दोघेही एकेका वर्षाच्या बाजूचे होते. फरक एवढाच की माद्रिदने खेळाडू अडून राहताच हात सोडला आणि चेल्सीने दर वर्षी कामगिरी पाहून हात धरून ठेवला. लिव्हरपूलने दोन वर्षे दिली. एका वर्षाचा करार क्लबला सुरक्षित ठेवतो, परंतु दर हिवाळ्यात तीच अनिश्चितता परत येते. कर्णधाराच्या बाबतीत ती संपूर्ण ड्रेसिंग रूमला जाणवते. म्हणून मागच्या दोन मोसमांत जवळजवळ प्रत्येक सामना खेळलेल्या बचावपटूला दोन वर्षे आणि गंभीर दुखापतीतून नुकत्याच परतलेल्याला एकच वर्ष, हे मला न्याय्य वाटते. रामोस दुसऱ्या गटात मोडत होता, व्हॅन डाइक पहिल्या.

खेळण्याच्या पद्धतीतला फरक याहून महत्त्वाचा आहे. रामोस पुढे झेपावून चेंडू हिसकावणारा, धोका पत्करणारा बचावपटू होता. अशा खेळाला शरीराची साथ लागतेच. सिल्व्हा आणि व्हॅन डाइक जागा धरून, प्रतिस्पर्ध्याला वळायला भाग पाडून खेळणारे. त्यांचे वय हळू दिसते. तरीही बचावफळी मध्यरेषेजवळ उभी करणाऱ्या संघात मागच्या मोकळ्या मैदानात धावण्याचे काम कुणाला तरी करावेच लागते. ते काम करणारा तरुण जोडीदार नसेल, तर शांत डोक्याचा बचावपटूही एकाएकी म्हातारा भासू लागतो.

पैशाच्या बाजूने पाहता ज्येष्ठाची करारवाढ बहुतेक वेळा स्वस्तच असते, हे चाहत्यांनी लक्षात घ्यावे. नव्या खेळाडूसाठी समजा ६ कोटी पौंड मोजले आणि पाच वर्षांचा करार केला, तर हिशेबात दर वर्षी १.२ कोटी पौंड खर्च चढतो आणि पगार त्यावर वेगळा. करारवाढीत शुल्क नसते, फक्त पगार असतो. पुनर्विक्रीतून काही मिळत नाही ही उणीव खरी. पण ‘त्याच पैशात तरुण आणता आला असता’ हे वाक्य बहुतेक वेळा आकड्यांवर टिकत नाही. खरी किंमत वेगळी असते: ज्येष्ठ खेळाडू चांगला खेळत राहिला की त्याच्या वारसाची खरेदी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलणे क्लबला सोपे जाते. चेल्सी २०२२ मध्ये आणि लिव्हरपूल २०२५ मध्ये याच सोयीला बळी पडले. माद्रिदने २०१९ मध्येच, रामोस फॉर्मात असताना, मिलिताओची रक्कम मोजली होती.

त्यामुळे आपल्या क्लबने ज्येष्ठ बचावपटूशी करार वाढवल्याची बातमी आली की सहीच्या छायाचित्रापेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात, असे मी सुचवीन. तिसरा आणि चौथा सेंटर-बॅक कोण आहे आणि त्यांनी मोठे सामने खेळले आहेत का? ज्येष्ठाच्या जोडीदाराचा करार किती वर्षांचा उरला आहे? आणि त्याच विंडोत बचावपटू विकला जात असेल, तर त्याच्या जागी येणाऱ्याची सही आधी झाली आहे का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर करारवाढीचे मनापासून स्वागत करावे. नसतील तर विरोध करारवाढीला न करता त्या मोकळ्या जागेला करावा.

व्हॅन डाइकचा सध्याचा करार जून २०२७ मध्ये, त्याला ३६ वे वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस असताना, संपतो. आणखी वाढ द्यायची झाल्यास ती एकाच वर्षाची असावी, ती १ जानेवारी २०२७ पूर्वी ठरावी आणि तोपर्यंत त्याच्या जागेवर सलग सामने खेळलेला दुसरा बचावपटू संघात असावा. ही तिसरी अट पूर्ण झालेली नसेल, तर लिव्हरपूलच्या चाहत्याने त्या करारवाढीची मागणी करण्याआधी क्लबकडे सेंटर-बॅकची मागणी करावी.