सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

अजिंठ्याची लेणी दर सोमवारी बंद असतात आणि वेरूळची दर मंगळवारी. यात गुपित काही नाही, लेण्यांच्या दारातल्या फलकावर ते लिहिलेलं असतं. ठाण्यातल्या एका सहलवाल्याने मात्र नेमक्या याच दोन वारांवर धंदा बेतलाय, आणि आमचा ज्येष्ठ नागरिक कट्टा त्यात सापडला. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव लिहीत नाही. पद्धत लिहितो, कारण असली माणसं पाटी बदलतात, पद्धत बदलत नाहीत.

आमच्या कट्ट्याला जुन्या वास्तूंचं वेड लागलं ते अंबरनाथमुळे. इ. स. १०६० चं शिलाहारांचं शिवमंदिर, तेही लोकलच्या अंतरावर, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. पाहून परतताना गाडीतच आमच्या चित्रकलेच्या निवृत्त बाई म्हणाल्या, "आता अजिंठा. गुडघे चालताहेत तोवर." बाईंनी जन्मभर मुलांना पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पुस्तकातून दाखवला होता. प्रत्यक्ष पाहायचा राहिला होता.

पत्रक वर्तमानपत्रातून आलं. माणशी ७,२०० रुपये. रविवारी रात्री तीन हात नाक्यावरून निघायचं, बुधवारी पहाटे परत. पहिला दिवस वेरूळ, दौलताबाद, घृष्णेश्वर. दुसरा दिवस अजिंठा. एसी बस, हॉटेल, जेवण, प्रवेश तिकिटं सगळं धरून. हा क्रम नीट बघा. सोमवारी वेरूळ उघडं असतं, मंगळवारी अजिंठा उघडा असतो. म्हणजे पत्रकात काडीची चूक नव्हती, कुणी वार तपासले असते तरी सगळं बरोबरच निघालं असतं.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, बरीच वर्षं खोपटला काढली. त्यामुळे गाडी आल्याबरोबर आधी टायर बघितले, मग एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि परमिट पाहिलं. सगळं ठीक होतं. बस चांगली होती, ड्रायव्हर अबोल पण सभ्य होता, आणि आमण्याहून समृद्धीला लागल्यावर पोटातलं पाणी हललं नाही. हेही सांगायला हवं. सगळंच भिकार असतं तर लोक नाशिकच्या आधीच भांडायला उठले असते.

पहाट होताना सहल व्यवस्थापक म्हणवणारा पोरगा माइक घेऊन उभा राहिला. "काका-काकू, छोटासा बदल आहे. आज अजिंठा, उद्या वेरूळ. अजिंठा लांब आहे ना, आज तुम्ही ताजेतवाने आहात." अर्धी बस झोपेत होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटावं तरी कसं? कारण सांगितलं ते पटण्यासारखंच होतं.

छत्रपती संभाजीनगरात अंघोळी, नाश्ता आटोपला आणि पोरगा तोंड पाडून आला. अजिंठ्याहून फोन आलाय, लेणी आज बंद ठेवलीत, वरून आदेश आहे. आपल्या हातात काही नाही, पण दिवस वाया जाऊ देणार नाही. मग बीबी का मकबरा, पाणचक्की, आणि उरलेला सगळा दिवस 'हिमरू-पैठणी केंद्रां'त. केंद्रांत, अनेकवचनी. पहिल्या दुकानात जेवणाआधी नेलं, दुसऱ्यात जेवणानंतर, आणि सूर्य कलल्यावर तिसऱ्यात, जिथे चहा फुकट होता.

या दुकानांची रचना समजून घ्या. दाराशी एक हातमाग आणि त्यावर बसलेला एक वयस्कर माणूस. तो खरंच विणत असतो आणि छान विणतो, बायका त्याचे फोटो काढतात. आत गेलं की विकायला ठेवलेल्या मालाचा त्या मागाशी संबंध संपतो. हातमागाच्या पैठणीच्या पदरावर मोर किंवा कमळ असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने अडकवून विणलेला असतो. यंत्रावरच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हे ज्ञान मला नौपाड्यातल्या एका साडीवाल्याने दिलं, तेही आमच्यातल्या एका काकूंनी १८,००० रुपये मोजल्यानंतर. दुकानात पदर उलटून बघू दिला नव्हता, "मावशी, जर काळी पडते हात लावून" असं सांगून.

मला खटकलं ते वेगळंच. प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेनाने आमच्या बसचा नंबर लिहिला जात होता. आयुष्यभर लॉगशीट भरलेल्या माणसाला गाडी नंबर कुठे आणि का लिहितात हे विचारावं लागत नाही. संध्याकाळी हिशेब व्हायचा होता, कुठल्या गाडीने किती माल उचलला आणि त्यातलं किती कुणाला द्यायचं.

मंगळवारी सकाळी घृष्णेश्वर. तिथे पुरुषांना उघड्या अंगाने गाभाऱ्यात जावं लागतं, म्हणून सदरा काढून रांगेत उभा होतो. पुढचे गृहस्थ खुलताबादचे निघाले. सहज म्हटलं, दर्शन झालं की लेण्यांत जायचंय. त्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की बस. "आज मंगळवार नाही का? आज लेणी बंद." आणि काल अजिंठा का बंद होता? "सोमवार होता ना." इतकं साधं.

देऊळ आणि लेणी यांच्यात अंतर जेमतेम. दर्शन उरकून आम्ही तिघं-चौघं चालतच फाटकापर्यंत गेलो. साप्ताहिक सुट्टीचा फलक होता, फाटक बंद होतं. मी फलकाचे फोटो काढले, फाटकाचे काढले, कट्ट्यावरच्या एका काकांना त्या फाटकासमोर उभं करूनही काढले. आत सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं होतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कळसाकडून पायाकडे खोदत आणलेलं अख्खं देऊळ. आम्ही इतक्या लांबून येऊन त्याच्या बाहेर उभे. बौद्ध, हिंदू, जैन मिळून ३४ लेणी, आणि आमच्या वाट्याला फाटक. दौलताबादचा किल्ला परतीच्या वाटेवर बसच्या खिडकीतून 'दाखवला', कारण तोवर एका 'आयुर्वेदिक वनौषधी केंद्रा'त दीड तास गेला होता.

पोराला धरलं तेव्हा तो आधी म्हणाला, मला माहीतच नव्हतं. मग म्हणाला, वरून सांगितलं तसं केलं. मग फोन त्याच्या मालकाकडे. मालक गोड बोलला. "काका, पत्रकाच्या खाली लिहिलंय, कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे."

खरी गोष्ट ड्रायव्हरकडून कळली. रात्री ढाब्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. एसटीचा माणूस म्हटल्यावर तो मोकळा झाला. गाडी त्या सहलवाल्याची नव्हतीच, दुसऱ्या मालकाकडून भाड्याने घेतलेली. "काका, मला अजिंठ्याचं कुणी बोललंच नव्हतं. गाडी साडेसातशे किलोमीटरवर ठरलीय." आता हिशेब करा. ठाणे ते संभाजीनगर जाऊन-येऊन साडेसहाशेच्या आसपास. वेरूळ जाऊन-येऊन साठ. उरलेलं गावातलं फिरणं. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर, म्हणजे दोनशे जादा, ते साडेसातशेत बसतातच कुठे? पत्रक छापलं तेव्हा नसेल, पण गाडी ठरवली तेव्हा अजिंठा नक्की वगळलेला होता. 'वरून आदेश' आला होता, पण पुरातत्त्व खात्याचा नव्हे.

लोक म्हणतात डिझेल वाचवलं. वाचवलंच, पण एवढ्यासाठी कुणी इतकी उठाठेव करत नाही. अशी बस लिटरला चार-साडेचार किलोमीटर देते. दोनशे किलोमीटरला पंचेचाळीस-पन्नास लिटर, म्हणजे साडेचार हजारांच्या आतबाहेर. भारतीयांना लेण्यांचं तिकीट माणशी ४० रुपये. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाडी सोडून पुढे चारेक किलोमीटर शटल बसने जावं लागतं, त्याचं थोडं भाडं. सगळं मिळून रक्कम चाळीस माणसांच्या सहलीत फार मोठी नाही. खरी कमाई वेळेत आहे. अजिंठ्याला नीट नेलं तर अख्खा दिवस लेण्यांत जातो, दुकानाला मिनिट उरत नाही. बंद दाराचा बहाणा केला की तोच दिवस तीन दुकानांना विकता येतो. आम्ही ७,२०० रुपयांना दोन दिवस विकत घेतले होते, त्याने तेच दिवस पुढे पुन्हा विकले.

परत आल्यावर पैसे मागायला गेलो तेव्हा त्याने माणशी ५०० रुपये आणि पुढच्या सहलीत सवलत देऊ केली. पाच-सहा जणांनी ते घेतले आणि सोबत एका कागदावर सह्याही केल्या: 'आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही.' हे करू नका. पाचशे रुपयांत तो तुमचा तक्रारीचा हक्क विकत घेतो.

बाकीच्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मराठीतून बोलता येतं. तिथून त्याला पत्र गेलं, त्याने दाद दिली नाही. मग लेखी नोटीस आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील केलाच पाहिजे असं नाही. एकाच प्रकारे फसलेल्यांना मिळूनही दाद मागता येते. आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी मसुदा लिहिला, आणि बँकेतल्यांच्या सवयीने इतक्या नीट कागदांना नंबर घातले की आयोगातल्या कारकुनाने विचारलं, वकील कोण?

आमच्या बाजूने उपयोगी पडले ते कागद असे: मूळ पत्रक, ज्यात वेरूळ आधी आणि अजिंठा नंतर आहे, मंगळवारचे फलकाचे फोटो, दुकानांची बिलं, कोपऱ्यातल्या गाडी नंबरासकट, आणि यूपीआयचे व्यवहार. पैसे कंपनीच्या नव्हे तर एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात गेले होते. पावतीवर छापलेला जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर नाव भलतंच निघालं. पैसे भरण्याआधी हा क्रमांक जरूर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांनी रोख दिले होते त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. बसमधल्या फोटोंवरून ते सहलीला होते एवढं सिद्ध करता आलं.

बाई नंतर भाच्याबरोबर शटल बसने जाऊन पद्मपाणी पाहून आल्या, गुरुवारी. तक्रारीवर मात्र त्यांचीच सही पहिली आहे.

नोटिशीला त्याच्या वकिलाने जे उत्तर दिलं, ते आम्ही तक्रारीला सर्वात वर जोडलंय. 'पुरातत्त्व विभागाने लेणी अनपेक्षितपणे बंद ठेवल्यामुळे' असं त्यात लिहिलंय. सोमवार अनपेक्षित! पण हे आता त्याच्याच सहीने कागदावर आलंय, आणि त्या दोन वारी लेणी बंदच असतात हे सांगायला आयोगापुढे साक्षीदार आणावा लागणार नाही.

दिवाळीनंतरच्या सहलींची पत्रकं सध्या ठाण्यात, घोडबंदर रोडला आणि कोपरीतही वाटली जाताहेत. कुणी पैसे भरले असतील तर कुठल्या तारखेला कुठलं ठिकाण, हे वारासकट लेखी मागा, 'क्रम बदलल्यास पैसे परत' ही ओळ त्यात घालून घ्या. शिवाय गाडी कोणाची आणि किती किलोमीटरवर ठरलीय, तेही विचारा. आग्रा असेल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, दिल्ली असेल तर लाल किल्ला सोमवारी, आणि आपली घारापुरीसुद्धा सोमवारीच.