नऊ महिने, चार बोटं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू: ‘गिटार हीरो: मेटॅलिका’ वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या गाण्यांवरचा, प्लॅस्टिकच्या गिटारीने खेळायचा हा व्हिडिओ गेम नवा नाही. २००९ सालचा आहे, नवीन प्रत आता दुकानात मिळत नाही आणि ज्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलवर मी तो खेळतो, त्याचं ऑनलाइन दुकानही जुलै २०२४ मध्ये बंद झालं. तरीही गेल्या ऑक्टोबरपासून आमच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी तोच चालू असतो. म्हटलं, लिहून टाकावं.

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक गराज सेल होता. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला म्हणून आईवडील त्याची खोली रिकामी करत होते. एका खोक्यात दोन प्लॅस्टिकच्या गिटारी, ड्रमचा संच, एक्सबॉक्स आणि सहा-सात डिस्क. त्यांनी ४५ डॉलर सांगितले, मी ४० ला आणलं. पाच डॉलरसाठी घासाघीस केली नसती तरी चाललं असतं, पण हाताची सवय जात नाही. बायकोने खोक्याकडे बघून ‘हे ठेवणार कुठे?’ एवढंच विचारलं. त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

घेण्यामागे जुनं दुखणं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका भारतात आली. दिल्लीजवळचा कार्यक्रम रद्द झाला, पण ३० तारखेचा बेंगळुरूचा झाला, आणि त्यासाठी आम्ही चौघं पुण्याहून रात्रभर बसने गेलो होतो. परत आल्यावर मी खरी गिटार घेतली. तीन महिने बोटं सोलून घेतली आणि विकली. त्यामुळे बटणांची गिटार ही माझ्यासाठी एका अर्थी पळवाट होती, हे कबूल करतो.

गेम थोडक्यात असा. पडद्यावर वरून रंगीत गोट्या घरंगळत येतात. डाव्या हाताने त्या रंगाचं बटण दाबायचं, उजव्या हाताने मधली पट्टी, म्हणजे स्ट्रम बार, ढकलायची. एकूण ४९ गाणी. त्यातली २८ मेटॅलिकाची, उरलेली २१ बँडने स्वतः निवडलेल्या इतर मंडळींची. या मालिकेत एकाच बँडला वाहिलेला पहिला गेम आदल्या वर्षी एरोस्मिथचा आला होता, हा दुसरा. नेव्हरसॉफ्टने बनवला, अ‍ॅक्टिव्हिजनने बाजारात आणला. मेटॅलिकाच्या चौघांच्याही हालचाली मोशन कॅप्चरने टिपलेल्या आहेत. त्यामुळे लार्स उलरिक ड्रमवर बसून जी तोंडं वेडीवाकडी करतो, तीसुद्धा जशीच्या तशी आली आहेत. कथा म्हणून जे काही आहे ते म्हणजे एक होतकरू बँड मेटॅलिकाच्या आधी वाजवण्याची संधी मिळवते. मधली व्यंगचित्रं मी दुसऱ्या दिवसापासून बटण दाबून पुढे ढकलतो.

पहिला आठवडा मात्र फार वाईट गेला. गोटी रेषेवर आली की मी बरोबर पट्टी ढकलायचो आणि गेम म्हणायचा, चुकलं. मला वाटलं वय झालं. दोष टीव्हीचा होता. हल्लीचे टीव्ही चित्र ‘सुंदर’ करण्यात वेळ घालवतात आणि तोवर ताल निघून जातो. टीव्हीला गेम मोडवर टाकलं, मग गेममधलं कॅलिब्रेशन काढून पडद्याचा आणि आवाजाचा उशीर मोजून भरला. ब्लूटूथ स्पीकर तर पहिल्याच दिवशी बाद केला, त्याच्यावर आवाज इतका मागून येतो की गोटी पास होऊन गेल्यावर नोट ऐकू येते. साध्या वायरचे हेडफोन टीव्हीला लावले आणि एका संध्याकाळीत माझे साठ टक्क्यांचे ऐंशी झाले. जुना गेम नव्या टीव्हीवर लावणाऱ्याने गाण्याला हात घालण्याआधी हे काम करावं. नाहीतर गिटार भिंतीवर आपटली जाईल.

दुसरी भानगड गिटारीची. हिची मान निघते-बसते, आणि जोडाच्या आतल्या पिना इतक्या वर्षांत काळवंडल्या होत्या. ऐन सोलोत हिरवं बटण मरायचं. कानात घालायच्या काडीला स्पिरिट लावून पिना पुसल्या, मानेच्या बुंध्याशी कागदाची एक घडी खोचली, तेव्हापासून गप आहे.

आता करंगळी. बटणं पाच, बोटं चार. सोप्या पातळीवर केशरी बटण लागतच नाही, त्यामुळे आपण उस्ताद झालो असं वाटतं. ‘हार्ड’वर गेलं की केशरी येतं आणि अख्खा पंजा एक घर खाली सरकवावा लागतो. सरकवला की हिरवं सुटतं. मला या सरकण्याला डिसेंबर उजाडला. ‘एक्स्पर्ट’वर माझी आजही सगळी गाणी पुरी होत नाहीत. मर्सिफुल फेट या बँडच्या गाण्यांची जी गोधडी मेटॅलिकाने शिवली आहे, ती अकरा मिनिटं चालते. सातव्या मिनिटाला मनगटात आग पेटते.

मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे गेमची ताकद आणि लबाडी दोन्ही दिसतात. गाण्याचा वेग मिनिटाला २१२ ठोक्यांच्या आसपास आहे. बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड तो मुख्य तुकडा फक्त वरून खाली, वरून खाली असा वाजवतो, खालून वर येताना तार छेडतच नाही. म्हणजे सेकंदाला जवळपास सात फटके, सगळे एकाच दिशेचे. त्याचा तो करवतीसारखा खरखरीत आवाज त्यातूनच येतो. गेमला मात्र दिशेशी देणंघेणं नाही. पट्टी वर ढकला, खाली ढकला, नोट लागली म्हणजे लागली. मी सुरुवातीला अर्थातच वर-खाली करून सुटलो. मग फेब्रुवारीत हट्टाने ठरवलं, फक्त खाली. चाळीस सेकंदांत दंड असा भरून आला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात माऊस डाव्या हाताने चालवला. गुण एकाही पैशाने वाढले नाहीत. पण कॉन्सर्टच्या व्हिडिओत त्या माणसाचा उजवा हात त्याच गतीने चालताना दिसला की आता माझा दंड आपोआप दुखतो. तीन महिने खरी गिटार हातात असताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खरी गंमत मात्र बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, घेतल्यावर कळली. बास कुणाला नको असतो. मुलगा आणि मी खेळायला बसलो की गिटारवरून भांडण व्हायचं, शेवटी बापाने बास घ्यायचा असा शिरस्ता पडला. या गेममध्ये आपलं वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असतं. आपण चुकलो की तेवढाच आवाज गळतो, बाकीचं गाणं चालू राहतं. एकदा ‘ओरायन’ चालू असताना मला शिंक आली आणि हात सुटला. मधला संथ भाग होता. एकदम गाण्याखालची जमीनच काढून घेतल्यासारखं झालं, वरच्या गिटारी अधांतरी लोंबकळत राहिल्या. हात परत ठेवला आणि जमीन परत आली. ते गाणं मी पंधरा वर्षं ऐकत होतो, आणि त्यातलं जे मला आवडायचं ते बास आहे हे तेव्हा कळलं. त्यानंतर मी मुद्दाम हात सोडून बघायला लागलो. कुठल्या गाण्यात बास काढला तर काय पडतं, हे बघण्याचा खेळ गुणांपेक्षा जास्त रंगतो. ‘फॉर हूम द बेल टोल्स’मध्ये घंटेनंतर जो फाटक्या आवाजाचा सूर सरसरत खाली येतो, तो मी गिटारच समजत होतो. तो मेटॅलिकाचा तेव्हाचा बासवादक क्लिफ बर्टन याचा बास आहे.

क्लिफ आमच्या शेजारचा. फ्रीमाँटहून अर्ध्या तासावर कॅस्ट्रो व्हॅली आहे, तिथे तो वाढला. तो बँडमध्ये हवा म्हणून १९८३ मध्ये बाकीच्यांनी लॉस एंजेलिस सोडलं आणि बे एरियात, एल सेरिटोला बिऱ्हाड थाटलं. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना बस उलटून तो गेला, वय २४. २०१८ पासून आमच्या अलामीडा काउंटीत १० फेब्रुवारी, म्हणजे त्याचा वाढदिवस, क्लिफ बर्टन दिवस आहे. बारा वर्षं या काउंटीचा कर भरतोय, मला हे गेममुळे शोधल्यावर कळलं. गेमच्या स्टेजवर मात्र तो नाही. सगळ्या गाण्यांना २००३ मध्ये आलेला बासवादक रॉबर्ट त्रुहियोच उभा असतो. आणि पहिल्या अल्बमवरचा क्लिफचा एकट्याचा बास सोलो यादीत नाही. २८ गाण्यांत त्याला जागा मिळाली नाही हे मला पटत नाही. बास घेणाऱ्या बापांवर हा उघड अन्याय आहे.

यादीबद्दल आणखी एक कुरकुर. ‘ब्लॅकन्ड’ नाही, ‘फोर हॉर्समेन’ नाही. काही शब्द गाळलेले आहेत, ते ऐन ओळीत खड्ड्यासारखे लागतात. पाहुण्यांची निवड मात्र खास आहे. डायमंड हेड, मोटरहेड, थिन लिझी, क्वीन, जूडास प्रीस्ट, स्लेअर. मेटॅलिकाची मंडळी कुणाचं ऐकून मोठी झाली आणि कुणाबरोबर वाढली, याचा वंशवृक्षच. मोटरहेडचा गायक लेमी याला खेळाडू म्हणून निवडता येतं. तो २०१५ मध्ये गेला, इथे अजून मान वर करून माइकमध्ये गातो. मी मोटरहेडचं गाणं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या अंगात शिरून वाजवत नाही.

आवाजाची एक जुनी कथा इथे सांगायलाच हवी. सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला, त्याच दिवशी तो आधीच्या गिटार हीरोसाठी डाउनलोड म्हणूनही मिळायला लागला. २००० मध्ये गाण्यांच्या फुकट देवाणघेवाणीवरून नॅप्स्टरला कोर्टात खेचणारी हीच बँड, हे लक्षात घ्या. लोकांनी दोन्ही ऐकलं आणि बोंब झाली. सीडीवरचा आवाज इतका दाबून चढवला होता की ड्रमचा फटका फुटत होता. गेमला मात्र वेगवेगळे ट्रॅक आधीच दिलेले, शेवटचा दाब न बसलेले, त्यामुळे तिथे फटका फटक्यासारखा ऐकू येत होता. आवाजाचे आलेख शेजारी शेजारी ठेवले तर एक वीट दिसते आणि दुसरी करवत. नव्याने मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचं शेवटचं काम, करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननेही मिक्स हातात आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं असं कळवलं. त्या अल्बममधलं ‘ऑल नाइटमेअर लाँग’ या डिस्कवर आहे. मी माझ्या जुन्या सीडीशी लावून पाहिलं, त्याच हेडफोनवर. माझ्या कानांनी गेमच्या बाजूने कौल दिला. खेळण्यातलं गाणं मूळ रेकॉर्डपेक्षा बरं वाजावं, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

चिरंजीव अकरा वर्षांचे आहेत. पहिल्या दिवशी पडद्याकडे बघून म्हणाला, ‘बाबा, हे तर फोर्टनाइटवाले!’ जून २०२४ मध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन गेमच्या आत मेटॅलिकाची मैफल झाली होती, ती त्याने पायजम्यात बसून पाहिली होती. मी बेंगळुरूचा किस्सा सांगितला तर विचारतो, ‘तिथे उडता येत होतं का?’ नाही म्हटलं. तेव्हा मला हसू आलं, पण गोष्ट फिरून तिथेच येते. फोर्टनाइटचा तो संगीताचा भाग हार्मोनिक्सने बनवलाय आणि २००५ चा पहिला गिटार हीरोही त्यांचाच. मुलाला तो भाग जास्त आवडतो, कारण मित्र तिथे असतात. मान्य आहे. पण दर वेळी गाणी भाड्याने आल्यासारखी बदलतात. माझी डिस्क कपाटात आहे, ती उद्याही ४९ गाणी वाजवेल.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी: शक्यतो एक्सबॉक्स ३६० ची गिटार बघा. प्लेस्टेशन ३ च्या बिनतारी गिटारीला यूएसबीचा छोटा रिसीव्हर लागतो आणि जुन्या सामानात नेमका तोच हरवलेला असतो, मग गिटार शोभेची. विकत घेण्याआधी पाचही बटणं आणि पट्टी दोन्ही दिशांना दाबून बघा. सेल घालून ठेवून देऊ नका, आधीच्या मालकाने ठेवले होते, ते फुगून चिकटले होते. डाउनलोडच्या गाण्यांची आशा सोडा.

ड्रमचा संच मात्र मी काढून टाकतोय. वाजवायला तो सगळ्यात धमाल आहे. ‘एक्स्पर्ट प्लस’ नावाची पातळी पहिल्यांदा याच गेममध्ये आली, तिच्यात दोन पायांनी दोन पेडल हाणायची असतात. मी दुसरं पेडल वेगळं मागवलं, जोडणी केली आणि एका शनिवारी दुपारी ‘डायर्स ईव्ह’ला बसलो. आमची इमारत लाकडी सांगाड्याची. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचण्याआधी दारावर टकटक. खालच्या काकू होत्या, कडेवर नातू, तो जागा. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त माझ्या पायांकडे पाहिलं. योगा मॅट, जुनी सतरंजी, चप्पल काढून वाजवणं, सगळं करून झालं. संच चांगला आहे, तीन पॅड, दोन झांजा, पेडल दोन. कुणाला हवा असेल तर येऊन न्या, पैसे नकोत. पॅड वाजवून दाखवीन. पेडल मात्र तुमच्या घरी नेऊनच तपासा.