होम लोन ओव्हरड्राफ्ट खातं कसं आहे? घरखर्च सांभाळून कर्ज लवकर फेडणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

ज्यांना होम लोन लवकर संपवायचंय पण हातातला सगळा पैसा बँकेला देऊन टाकायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं कर्ज ओव्हरड्राफ्टवालं आहे, म्हणजे स्टेट बँकेचं मॅक्सगेन किंवा बँक ऑफ बडोदाचं होम लोन अ‍ॅडव्हान्टेज असतं ना, त्या प्रकारातलं. आमची बँक कुठली ते सांगत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात. माझं मत विचाराल तर घ्याच, पण घरात खर्च लिहून ठेवणारं कुणीतरी असेल तरच.

आधी हे चालतं कसं ते सांगते, कारण शाखेत कुणी नीट समजावत नाही. कर्जाचंच एक खातं असतं, त्यात तुम्ही हप्त्याशिवाय जास्तीचे पैसे ठेवू शकता आणि ते पैसे जितके दिवस तिथे पडून राहतील तितके दिवस तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. व्याज रोजच्या बाकीवर धरतात. लागले की एटीएममधून, नेट बँकिंगने, चेकने काढून घ्यायचे, कुणाची परवानगी नको, अर्ज नको. हप्ता तोच जातो पण व्याज कमी लागल्यामुळे हप्त्यातला जो भाग वाचतो तो पण खात्यातच साचत जातो. ड्रॉइंग पॉवर म्हणून जो आकडा दिसतो, म्हणजे त्या महिन्यात कर्जाची बाकी जास्तीत जास्त किती असू शकते तो, दर महिन्याला ठरलेल्या मुद्दलाइतका खाली येतो, त्याला घाबरायचं नाही, ते कर्ज फिटतंय म्हणून कमी होतंय.

आता आकडे. आमचं कर्ज 40 लाख, 20 वर्षं, सुरुवातीला दर साडेआठ टक्के. हप्ता 34,713 रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात 28,333 रुपये नुसतं व्याज होतं आणि मुद्दल गेलं 6,380, तो कागद बघून आम्ही दोघंही गप्प झालो होतो. 20 वर्षं नुसते हप्ते भरत बसलो असतो तर व्याजच 43 लाखांच्या वर गेलं असतं, म्हणजे घराच्या कर्जापेक्षा जास्त. आणि खात्यात 3 लाख कायम पडून राहिले तर साडेआठने वर्षाला 25,500 रुपये व्याज वाचतं. तेच 3 लाख एफडीत ठेवले तर दर कमी आणि वर त्या व्याजावर टॅक्स, इथे व्याज मिळतच नाही, लागत नाही एवढंच, त्यामुळे टॅक्सचा प्रश्नच येत नाही.

पण माझ्या मते या खात्याचा खरा फायदा मोठ्या रकमेत नाहीये, तो वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चात आहे. आपल्याकडे घर मोडतं ते किराणा-दुधाने नाही, ते जूनच्या फीने, गणपतीला गावी जाण्याने, दिवाळीने, गाडीच्या इन्शुरन्सने आणि मार्चमधल्या कुठल्या ना कुठल्या पावतीने. हे खर्च काही अचानक येत नाहीत, तारखेसकट माहीत असतात, तरी दर वेळी क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. आम्ही काय करतो, प्रत्येक खर्चाचा बारावा भाग पगार झाल्या झाल्या कर्जाच्या खात्यात टाकतो. शाळेची फी 84 हजार तर महिन्याला 7 हजार. पूर्वी याच्या आरडी होत्या, आता ते पैसे वापरायची वेळ येईपर्यंत कर्जाचं व्याज कमी करत बसतात आणि जूनमध्ये फी भरायला तसेच्या तसे हजर असतात. महिन्याच्या खर्चाचे पैसे पण तिथेच ठेवतो आणि लागतील तसे काढतो, 60 हजार पंधरा दिवस राहिले तर साधारण 210 रुपये वाचतात, म्हणाल तर किरकोळ, पण बारा महिने आणि इतकी वर्षं धरा.

वहीबद्दल सांगायलाच हवं कारण वहीशिवाय हे खातं चालवू नका. साधी लांब वही आहे, किराणा दुकानदाराकडे असते तसली. एका पानावर एक महिना. डावीकडे घरखर्च, रोजचा रोज, सासूबाई लिहितात कारण भाजी, दूध, कामवाल्या मावशी, गॅस सगळं त्यांच्या हातून जातं. उजवीकडे पाच रकाने, शाळा, सण, दवाखाना, गाडी आणि शेवटचा रकाना "घर". पहिले चार रकाने म्हणजे खर्चाचे पैसे, ते आज ना उद्या खात्यातून निघणार. "घर" या रकान्यातला पैसा मात्र काढायचाच नाही, नोकरी गेली किंवा हॉस्पिटल आलं तरच. महिन्याच्या शेवटी पाचही रकान्यांची बेरीज आणि अ‍ॅपमधला काढता येण्याजोगा आकडा जुळवायचा. नवरा अ‍ॅप वाचतो, सासूबाई बेरीज सांगतात. नाही जुळला तर त्याच रात्री शोधायचं, बहुतेक वेळा कुणीतरी यूपीआयने काहीतरी घेतलेलं असतं आणि लिहायचं राहिलेलं असतं. बोनस आला, इन्क्रिमेंट झाली, सासऱ्यांच्या पेन्शनचा फरक आला की अर्धा "घर" मध्ये जातो हे ठरलेलं आहे, त्यावर चर्चा होत नाही.

आता तक्रारी. अ‍ॅपमध्ये सगळा पैसा एकच आकडा म्हणून दिसतो, रकाने पाडायची काही सोय नाही. चार लाख काढता येतील असं स्क्रीनवर दिसतं आणि त्यातले अडीच लाख तर फी आणि दवाखान्याचे असतात. ज्या घरात दिसला पैसा की खर्च अशी पद्धत आहे तिथे हे खातं घात करेल, मी हे अगदी कळकळीने सांगतेय, माझ्या ओळखीत एका घरी याच पैशातून आधी मोठा टीव्ही, मग कार आली आणि कर्ज होतं तिथेच आहे. दुसरं म्हणजे स्टेटमेंट. शिल्लक वजामध्ये दिसते, लिमिट, ड्रॉइंग पॉवर, अव्हेलेबल असे तीन आकडे येतात आणि शाखेत विचारलं तर तीन माणसं तीन उत्तरं देतात. आम्हाला तर एक फॉर्म भरून पार्ट पेमेंट करा, म्हणजे मुद्दलाचा काही भाग मुदतीआधी फेडा, असं सांगितलं होतं, जे या खात्यात करायची गरजच नसते, पैसे नुसते जमा करायचे.

आणि तिसरं, दर. बऱ्याच ठिकाणी ओव्हरड्राफ्टवाल्या कर्जाला साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त दर लावतात. पाव टक्का जास्त धरला तर 40 लाखांवर वर्षाला 10 हजार जास्त गेले, म्हणजे खात्यात कायम सव्वा लाखाच्या आसपास पडून असतील तेव्हा कुठे बरोबरी, त्याच्यावर जे असेल तो फायदा. एवढे ठेवता येणार नसतील तर साधं कर्ज घ्या आणि जमेल तसं पार्ट पेमेंट करा, त्यात काही कमीपणा नाही. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या होम लोनवर मुदतीआधी पैसे भरल्याचा (प्रीपेमेंटचा) दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेने 2012 पासूनच बँकांना तसं बजावलंय. माझ्या दिरांचं तसंच साधं कर्ज आहे आणि त्यांना मी एकच गोष्ट सांगितली, पार्ट पेमेंट करताना हप्ता कमी नको, मुदत कमी करा असं लेखी द्या. आमच्याच आकड्यांनी बघा, वर्ष झाल्यावर 1 लाख जास्तीचे भरले आणि हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला जेमतेम 885 रुपये वाचतात, ते कुठे जातात कळत पण नाही, पण हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर शेवटचे 13-14 हप्ते उडतात.

दर खाली आला तरी हेच. 2025 मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला, आमचं कर्ज रेपोला जोडलेलं असल्यामुळे आमचा दर पण उतरला. हप्ता कमी करून घेता आला असता, आम्ही तोच ठेवला. सासूबाईंचं म्हणणं होतं की ज्या हप्त्याची घराला सवय झालीय तो कशाला हलवायचा, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

टॅक्सचं थोडक्यात. जुन्या टॅक्स रिजीममध्ये (सवलती मिळणाऱ्या जुन्या कर पद्धतीत) असाल तर या खात्यात नुसते ठेवलेले पैसे 80सी च्या सवलतीमध्ये मुद्दल म्हणून धरत नाहीत, साध्या कर्जात पार्ट पेमेंट केलेलं धरतात, दीड लाखाच्या मर्यादेत. नव्या रिजीममध्ये राहत्या घराच्या व्याजाची सूट नाहीच, त्यामुळे "टॅक्स वाचतो म्हणून कर्ज चालू ठेवा" असा सल्ला कुणी दिला तर आधी आपली रिजीम कुठली ते बघा. मुलीच्या सुकन्या खात्यातले आणि पीपीएफचे पैसे आम्ही कर्जासाठी थांबवलेले नाहीत, आणि टर्म इन्शुरन्स तर सगळ्यात आधी, कर्जाच्या रकमेपेक्षा जास्तीचा.

घेणार असाल तर सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारा, साध्या कर्जापेक्षा दर किती जास्त, जास्तीचे पैसे काढायला काही अट आहे का, आणि वर्षाला खातं चालवायचा काही चार्ज आहे का. आणि सँक्शन लेटर, म्हणजे कर्ज मंजुरीचं पत्र, वाचताना घराचे मूळ कागद कर्ज फिटल्यावर कुठे आणि किती दिवसांत परत मिळणार ती ओळ शोधा. 1 डिसेंबर 2023 पासून नियम असा आहे की पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आमच्या लेटरमध्ये ती ओळ शेवटून दुसऱ्या पानावर होती, त्या पानाची झेरॉक्स वहीच्या कव्हरला आतून चिकटवलीय.