ब्यावोव्येझाच्या जंगलातल्या सपाट वाटा: गुडघे दुखणाऱ्यांनी अवश्य जावं

दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला हवं तेवढं, पण चढ-उतार बंद. उभं आयुष्य डोंगर चढण्यात गेलेलं, त्यामुळे जंगल आता संपलं असंच मी धरून चालले होते. वॉर्सात नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, तू इकडे ये. दिवसभर चाल, चढ म्हणून लागणार नाही." त्याचं ऐकून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेलगत असलेल्या ब्यावोव्येझा गावात चार दिवस राहिलो. तिथल्या चालण्याच्या वाटांबद्दल हे लिहितेय, कारण माझ्यासारखी डोंगर सुटलेली माणसं बरीच आहेत.

युरोपातल्या सखल प्रदेशात जे मूळचं जंगल होतं, त्याचा उरलेला सर्वांत मोठा तुकडा हा. १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. हिमयुगातल्या बर्फाने मागे टाकलेल्या वाळू-मातीवर ते उभं आहे, त्यामुळे जमीन जवळजवळ सपाट. पण सपाट म्हणजे कोरडी नव्हे. पाणी वरच असतं, खोलगट जागी साचून राहतं आणि तिथे वाट फळ्यांवरून किंवा ओंडक्यांवरून जाते.

पहिल्या दिवशी आम्ही 'झेब्रा झुब्रा' ही वाट केली. नावाचा अर्थ बायसनच्या बरगड्या. दलदलीच्या भागात वाटेवर ओळीने आडवी लाकडं टाकलेली आहेत, ती बघितली की नाव लगेच पटतं. साधारण ४ किलोमीटरची ही वाट बायसनच्या दर्शनी राखीव क्षेत्रापर्यंत जाते. चढ शून्य. मात्र आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि ओल्या लाकडावर शेवाळ असं निसरडं होतं की मी भाच्याचा दंड सोडलाच नाही. सपाट आहे म्हणून साध्या चपट्या तळव्याचे बूट घालून जाऊ नका, खाचांचा तळवा हवा. हातात एक काठीही असू द्या. चढासाठी नाही, फळ्यांवर तोल सांभाळायला.

वाटेच्या टोकाला कुंपणाआड बायसन आहेत. आपल्याकडे गव्याला सर्रास बायसन म्हणतात, पण हा प्राणी वेगळा: खांदे उंच, मागचा भाग उतरता, गळ्याखाली दाट केस. ते बघून आम्ही गावातल्या पॅलेस पार्कमध्ये गेलो. तिथे तळ्याकाठी १७५२ सालच्या राजाच्या शिकारीचा दगडी स्तंभ आहे. एका दिवसात ४२ बायसन मारल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. या जंगलातला शेवटचा मोकळा बायसन १९१९ मध्ये मारला गेला. मग प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांमधून पैदास झाली आणि आज जगात असलेले सगळे युरोपीय बायसन फक्त १२ जनावरांचे वंशज आहेत. १९२९ मध्ये त्यांना इथे परत आणलं, १९५२ मध्ये पहिले मोकळे सोडले. हे वाचून मी त्या स्तंभापाशी बराच वेळ बसून राहिले. आम्हाला मोकळ्या जंगलात बायसन दिसला नाही, चिखलात खुरांचे ठसे तेवढे दिसले.

ज्यासाठी इतक्या लांब यावं ती जागा म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा कडक संरक्षणाचा भाग. तिथे परवानाधारक गाईडशिवाय प्रवेश नाही, आणि गाईड बघून घेतलाच पाहिजे. आमचा पहिला अनुभव वाईट होता. आम्ही धरून पंधरा-सोळा जणांचा घोळका, गाईडचा डोळा घड्याळावर. झाडांची नावं पाठ केल्यासारखी म्हणत तो पुढे पळत होता. १९७४ साली पडलेला यागीएवो राजाचा ओक आला, सगळ्यांनी फोटो काढले की लगेच माघारी. ग्रुनवाल्डच्या १४१० च्या लढाईआधी राजा या झाडाखाली थांबला होता, अशी आख्यायिका आहे. मी खाली वाकून काही बघायला लागले की घोळका वळणापलीकडे गेलेला असे. मला रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फक्त दोघांसाठी दुसऱ्या गाईड बाईंना घेतलं आणि त्याच वाटेवर परत गेलो. पैसे जास्त गेले, ते वसूल झाले. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे हे कळल्यावर त्यांनी चाल आणखी कमी केली. लाकडी फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा काय जाणवतं? इथे पडलेलं झाड कोणी उचलत नाही. उभी झाडं जितकी, तितकंच लक्ष आडव्या झाडांकडे जातं. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळं ओल्या जमिनीत खोल जात नाहीत, पसरतात. म्हणून वादळात झाड मुळांच्या थाळीसकट उलटतं. माझ्या दुप्पट उंचीची मातीची भिंत उभी आणि तिच्यामागे पाण्याचा खड्डा, असं जागोजाग.

एका पडलेल्या खोडापाशी बाई थांबल्या. खोडावर घोड्याच्या खुराच्या आकाराची राखाडी बुरशी होती. भाचा म्हणाला, "मावशी, हे चक्क टाप चिकटवल्यासारखं दिसतंय." बाईंनी हात न लावता बोटाने दाखवलं: काही खुरं जमिनीला काटकोनात उभी होती, काही आडवी. या बुरशीची बीजाणू सोडणारी बाजू नेहमी खालीच असते. उभी दिसणारी खुरं झाड उभं असतानाची, झाडाबरोबर तीही कलंडली. आडवी नंतर, झाड पडल्यावर उगवली. म्हणजे नुसत्या बुरशीवरून झाड पडण्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ वाचता येतो! आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या माणसाच्या बर्फात टिकलेल्या देहाजवळ हीच बुरशी होती. तिच्या गरावर ठिणगी धरते. इतकी वर्षं शिकवलं, पण हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक खोडाजवळ मी थांबले आणि त्यांनी थांबू दिलं.

त्याच खोडाच्या वरच्या अंगाला, शेवाळात, स्प्रूसची बोटभर उंचीची रोपं एका ओळीत उगवलेली होती. जमिनीवर पालापाचोळ्याखाली दबतात, इथे त्यांना उजेड आणि ओल दोन्ही मिळतं. भाच्याने विचारलं, मेलेलं लाकूड न्यायला काय हरकत आहे? मेलेल्या लाकडातल्या किड्यांवरच तिथले कितीतरी सुतारपक्षी जगतात, हे त्यांनी सांगितलं. उद्यानाबाहेरच्या भागात खोडकिड्याचं कारण देऊन मोठी तोड झाली होती आणि युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये ती बेकायदा ठरवली, हेही त्या शांतपणे बोलल्या, पण आवाज बदलला होता.

एप्रिल अखेर निवडा असं मी सांगेन. झाडांना पालवी दाट होण्याआधी ऊन थेट जमिनीवर येतं आणि त्या थोड्या दिवसांत पांढऱ्या ॲनिमोनी फुलून घेतात. नजर जाईल तिथवर पांढरं. डासही तेव्हा नव्हते. गोचिडी मात्र होत्या. त्यांच्यापासून मेंदूज्वर आणि लाइम हे दोन्ही आजार होऊ शकतात, तेव्हा पँट मोज्यात खोचा आणि रात्री अंग तपासा. माझ्या मोज्यावर एक सापडली.

ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांनी राजेशाही ओकांची वाट करावी. गावाबाहेर आहे, गाडी करून जावं लागतं. अर्ध्या किलोमीटरच्या आसपासची लाकडी वाट, आणि प्रत्येक जुन्या ओकला पोलंडच्या राजाचं किंवा लिथुएनियाच्या राजपुत्राचं नाव. मला तिथे पाट्या जरा जास्त वाटल्या, पण झाडांपुढे तक्रार करवत नाही.

उणिवा दोन. कडक संरक्षणाच्या भागात साधारण तीन तास चालायचं असतं आणि बसायच्या जागा फार कमी, स्वच्छतागृह तर आम्हाला दिसलंच नाही. पाठ किंवा कंबर धरणाऱ्यांनी गाईडला आधीच सांगून फेरी छोटी करून घ्यावी. दुसरी गोष्ट, सीमेलगतच्या भागातले प्रवेशाचे नियम बदलत असतात. कोणती वाट चालू आहे ते उद्यानाच्या कार्यालयात विचारूनच निघा.

निघायच्या दिवशी हायनुव्काची सकाळची बस ठरली होती. मी भाच्याला म्हटलं, दुपारची घेऊ. आणि पिशव्या खोलीवर ठेवून आम्ही पुन्हा त्या आडव्या लाकडांच्या वाटेवर गेलो. ऊन पडलं होतं, शेवाळ सुकलं होतं, या वेळी दंड धरावा लागला नाही.